जळगावच्या एका लिव्हर ओपीडीचा रिव्ह्यू: साडेतीन तास वेटिंग, औषध जवळजवळ काहीच दिलं नाही, तरी परत जाणार

आधीच सांगतो, क्लिनिकचं नाव टाकणार नाही. चांगलं लिहिलं तर लोक म्हणतात पैसे घेतले असतील, आणि तक्रार लिहिली तर रिसेप्शनवाल्या मॅडम पुढच्या वेळी ओळखतात, आणि मला तर तिथं आता दर ६ महिन्यांनी जायचंय. रिंग रोडच्या बाजूला, दुसरा मजला. लिफ्ट आहे पण आम्ही गेलो तेव्हा ३ पैकी २ वेळा बंद होती, जिना असा उभा की कावीळवाला माणूस वर पोचेस्तोवर अजून पिवळा पडेल.

झालं असं की मे महिन्यात अमळनेरकडं एक लग्न होतं. ४३-४४ डिग्री ऊन, टाकीचं पाणी, जारचं गार पाणी, मठ्ठा, बर्फ घातलेला उसाचा रस, जे समोर आलं ते सगळं पोटात. धाकटा भाऊ एमआयडीसीत चटईच्या कंपनीत आहे, वय २४, दगड पचवणारा माणूस. जूनच्या शेवटी त्याला कसकस, मळमळ, जेवणाचा वास नको, आणि शेवभाजी समोर ठेवली तर तोंड फिरवलं तेव्हाच मायला शंका आली की हे काहीतरी वेगळं आहे. गल्लीतल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून २ सलाईन लावल्या, एक इंजेक्शन दिलं, तापाच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी आणि डोळे लिंबासारखे.

मग आमची फुई म्हणजे आत्या पारोळ्याहून आली. तिचं एकच, "डाक्टरजोडे कावीळनं औषध नही ऱ्हास, माळ घाल पोरले." झालं, एका बाबाकडून माळ आली. बारीक काड्यांचे तुकडे दोऱ्यात बांधलेले, डोक्यावर टोपीसारखी बसते आणि कावीळ जशी उतरेल तशी माळ लांब होऊन गळ्यात, मग पोटावर येते म्हणे. दुसऱ्या दिवशी ती खरंच गळ्यात आली, घरात सगळे खूश. मी त्या बाबाकडून तशीच दुसरी माळ ५१ रुपये देऊन आणली होती आणि गुपचूप मागच्या खोलीत खुंटीला अडकवून ठेवली होती, ती पण वीतभर लांबली. खुंटीला कुठली कावीळ! ओल्या काड्या वाळल्या की आकसतात, त्यांच्याभोवतीच्या गाठी ढिल्या पडतात, दोरा मोकळा होतो, एवढंच आहे ते. फुईला दाखवली तर म्हणे खुंटी पण पिवळीच रंगवलेली आहे ना. आता काय बोलणार.

नाकात देवडांगरीचे (एक कडू रानफळ) थेंब घालायचा प्रोग्राम पण ठरला होता, त्यानं नाकातून पिवळं पाणी वाहतं आणि लोकांना वाटतं कावीळ निघाली, खरं तर नाक सोलवटतं म्हणून पाणी येतं. तेवढा मी हाणून पाडला आणि भावाला गाडीवर बसवून ओपीडीत नेलं.

आता वेटिंग. ११ ची अपॉइंटमेंट, नंबर लागला अडीचला. खुर्च्या कमी, पंखा एका कोपऱ्यात, टोकन हाक मारून देतात आणि बाथरूमला गेलात तर नंबर गेला. पार्किंग नाहीच, समोरच्या मेडिकलवाल्याशी रोज कोणाचं तरी भांडण. फी ७००, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. इथपर्यंत मी मनात २ स्टार देऊन बसलो होतो.

पण आत गेल्यावर सरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "दीड महिन्यापूर्वी कुठं जेवला होता?" आम्ही सगळे काल काय खाल्लं, परवा गाडीवर काय खाल्लं याचा हिशोब करून गेलो होतो. ते म्हणाले पाण्यातून येणारी कावीळ लगेच दिसत नाही, हिपॅटायटिस म्हणजे विषाणूनं लिव्हरला येणारी सूज, त्यातला ए असेल तर साधारण २ ते ७ आठवडे, ई असेल तर २ ते १० आठवडे विषाणू आत गप बसतो आणि मग डोळे पिवळे होतात. तेव्हा आम्हाला लग्न आठवलं. त्याच पंगतीतले अजून दोघं आजारी आहेत हे फोन केल्यावर कळलं.

मग त्यांनी भावाला दोन्ही हात पुढं करून पंजे वर करायला लावले, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे, आणि १५-२० सेकंद तसेच धरायला सांगितले. पंजे फडफडतात का ते बघत होते. आज वार कोणता विचारलं, घरी दिवसभर झोपतो का, उलटसुलट बोलतो का ते मला विचारलं. मला वाटलं टाईमपास चाललाय. नंतर कळलं की कावीळीत माणूस मरतो तो पिवळेपणानं नाही मरत, लिव्हर बंद पडायला लागलं की घाण मेंदूत चढते आणि माणूस गोंधळतो, ते पकडायची ही परीक्षा आहे.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्यांनी मधे एक उभी रेघ मारली. डावीकडं ए आणि ई, त्याच्यावर लिहिलं "तोंडावाटे". उजवीकडं बी, सी, डी, वर लिहिलं "रक्तावाटे". म्हणाले कावीळ हा रोग नाही, नुसती पाटी आहे, आत कोण बसलंय ते तपासल्याशिवाय कळत नाही. डावीकडचे दोघं येतात, धिंगाणा घालतात आणि बहुतेकांना सोडून जातात. उजवीकडचे बी आणि सी घरजावई होऊ शकतात, २०-३० वर्षं आवाज न करता लिव्हर खातात, सिरॉसिस करतात म्हणजे लिव्हर कडक आणि गाठीगाठीचं होतं, कॅन्सर करतात, आणि डी तर एकटा येतच नाही, बी असेल तरच त्याच्या खांद्यावर बसून येतो. आणि रेघेच्या बाहेर एक गोल काढला त्यात दारू, टीबीची औषधं, पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस आणि काढे. काढ्यांवर मी हसलो तर म्हणाले हसू नका, कोविडमधे गुळवेल पिऊन पिऊन लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली छापून आणल्यात. ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे.

टेस्ट लिहिल्या त्या अशा: एलएफटी (लिव्हरची नेहमीची तपासणी), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), ए आणि ई ची आयजीएम (ताजी लागण आहे का ते), एचबीएसएजी (बी ची टेस्ट), अँटी-एचसीव्ही (सी ची टेस्ट) आणि एक सोनोग्राफी. इथं एक सांगतो, याच्या आधी आम्ही एका लॅबचं घरपोच फुल बॉडी पॅकेज १४९९ ला केलेलं, ७० च्या वर टेस्ट, व्हिटॅमिन बी-१२ पासून सगळं, आणि त्यात हिपॅटायटिसची एक पण टेस्ट नाही. रंगीत ग्राफ मात्र होते.

रिपोर्ट आला, बिलिरुबिन (पिवळेपणाचा आकडा) ९.४, एसजीपीटी २१४०. एसजीपीटीचं नॉर्मल ४० च्या आसपास लिहिलेलं, मायनं ते बघूनच रडायला सुरुवात केली. सरांनी त्या आकड्याकडं बोटही केलं नाही, डायरेक्ट आयएनआर वर गेले, १.२. म्हणाले हा आकडा चांगला आहे म्हणून मी निवांत आहे. एसजीपीटी म्हणजे किती पेशी फुटल्या त्याचा आवाज, पण लिव्हर अजून काम करतंय का ते आयएनआर सांगतो, कारण रक्त गोठवायचा माल लिव्हरच बनवतं. एसजीपीटी झपाट्यानं खाली येतोय आणि आयएनआर वर जातोय असं दिसलं तर खूश नका होऊ, ते लिव्हर संपत आल्याचं लक्षण असू शकतं. हे मला आजपर्यंत एकाही डॉक्टरनं, एकाही लॅबवाल्यानं सांगितलेलं नव्हतं, सगळे त्या एसजीपीटीला धरून बसलेले.

ई ची आयजीएम पॉझिटिव्ह. हिपॅटायटिस ई. औषध काय? मळमळीची एक गोळी, खाज सुटली तर एक गोळी. बस. लिव्हर टॉनिक नाही, सलाईन नाही, अँटिबायोटिक नाही, जुनी सगळी औषधं बंद. भाऊ म्हणाला ७०० रुपये देऊन २ गोळ्या? सर म्हणाले तुझं लिव्हर स्वतः बरं होणार आहे, माझं काम त्याच्या मधे कोणाला येऊ न देणं. पथ्य विचारलं तर दारू नको, बाकी जे पोटात राहील ते खा. आमच्याकडं हळद बंद केली होती, का तर पिवळी म्हणून! तेल बंद, दूध बंद, नुसता उसाचा रस आणि मुळा चालू होता. रस तर गाडीवरचा, त्यातल्या बर्फाचं पाणी कुठलं ते गाडीवाल्याला पण माहीत नाही. सरांनी सांगितलं डाळ-भात, भाकरी, केळी (जळगावात राहून केळी नाही खाणार तर काय), थोडं थोडं आणि जास्त वेळा. तळकट नको कारण मळमळतं, विष आहे म्हणून नाही. पहिल्या आठवड्यात पिवळेपणा अजून वाढला आणि फुईनं परत माळ काढली, पण ते वाढणार हे सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही टिकलो. दर आठवड्याला एलएफटी आणि आयएनआर, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बिलिरुबिन १.१. पहिली शेवभाजी त्यानं १५ ऑगस्टला खाल्ली, दोन प्लेट.

आता खरा भाग. पहिल्याच दिवशी उठता उठता सरांनी विचारलं, घरात कोणी प्रेग्नंट आहे का. माझी बायको, ६ वा महिना. त्यांचा चेहरा बदलला. ई बाकीच्यांना सोडून देतो पण गरोदर बाईला, त्यात शेवटच्या ३ महिन्यांत, पकडला तर १०० पैकी २०-२५ जणी दगावू शकतात. बरं त्याची लस? चीनमधे २०११ ला निघाली, आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. मग एकच उपाय, पाणी खळखळ उकळून, हात साबणानं, बाहेरचं काही नाही. घरी सगळे म्हणायला लागले तिला चोपड्याला माहेरी पाठव. सरांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "तिथं पाणी कुठून येतं?" मी गप. तिकडं नळाला ५ दिवसाआड पाणी येतं आणि हौदात साठवतात. राहिली मग इथंच, तिचा एलएफटी नॉर्मल आला. जारबद्दल पण तेव्हाच कळलं, जारचं पाणी गार असतं हे नक्की, शुद्ध असतं याची काही गॅरंटी नाही.

आणि तेव्हा मला बोलावं लागलं. २ वर्षांपूर्वी शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात मी रक्त दिलं होतं, नंतर ब्लड बँकेतून फोन आला की येऊन भेटा, एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे. दिलेल्या प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, बी, सी, गुप्तरोग आणि मलेरिया अशी तपासणी होते, त्यात सापडलं. एका डॉक्टरला दाखवलं तर म्हणाले तुम्ही कॅरिअर आहात, म्हणजे अंगात विषाणू आहे पण त्रास नाही, काही करायचं नसतं, घरी जा. मी घरी गेलो आणि कोणालाच सांगितलं नाही, बायकोला पण नाही. लग्न झालेलं होतं. लाज वाटत होती, अजून काय. लोकांना बी म्हटलं की वाटतं हा कुठंतरी जाऊन आला.

सर चिडले नाहीत. बायकोचा गरोदरपणातला रिपोर्ट मागवला, त्यात ती निगेटिव्ह निघाली तेव्हा मी २ वर्षांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला असेल. तिला लगेच बी ची लस सुरू, गरोदरपणात ती चालते, ०, १ आणि ६ महिने असे ३ डोस, तिसरा आता डिसेंबरमधे. ती माझ्याशी ४ दिवस बोलली नाही ते वेगळं.

मायची टेस्ट केली, पॉझिटिव्ह. त्या लॅबच्या रिपोर्टवर अजून एचबीएसएजीचं जुनं नाव, "ऑस्ट्रेलिया अँटिजेन". माय म्हणे, "आपन ते कधी मुंबईना पुढे गयूत नही, हाई ऑस्ट्रेलिया कथाईन वनं?" म्हणजे हे ऑस्ट्रेलिया कुठून आलं. सर पण हसले. अमेरिकेतल्या ब्लूमबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाला हे पहिल्यांदा एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलं म्हणून ते नाव चिकटलं, त्याला १९७६ ला नोबेल मिळालं आणि त्याचा वाढदिवस २८ जुलै म्हणजेच जागतिक हिपॅटायटिस दिवस. ते पोस्टर ओपीडीच्या भिंतीवरच होतं, आम्ही ३ तास त्याच्याखालीच बसलेलो.

म्हणजे मला बहुतेक जन्मतःच आईकडून आलं. मोठेपणी बी झाला तर १०० पैकी ९० च्या वर लोकांच्या अंगातून तो ६ महिन्यांत निघून जातो, पण जन्मताना झाला तर उलटं, ९० टक्के बाळांत तो कायम राहतो. आईला कुठून आलं ते आता कळणार नाही, तिच्या हातावर लहानपणी यात्रेत काढलेलं गोंदण आहे, तेव्हा एकच सुई गावभर फिरायची, ते पण असू शकतं, तिच्या आईकडून पण असू शकतं. सर म्हणाले शोधून काय भांडायला जाणार आहात का, पुढचं बघा.

पुढचं म्हणजे: एचबीईएजी (विषाणू किती जोरात वाढतोय ते), एचबीव्ही डीएनए म्हणजे व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती ते), आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारं मशीन). फायब्रोस्कॅन उपाशीपोटी, उजव्या बरगडीवर मशीन टिचक्या मारल्यासारखं ठकठक करतं, १० रीडिंग, दुखत नाही, १० मिनिटांत मोकळं. माझा आकडा ५.४, व्हायरल लोड १२००, एसजीपीटी नॉर्मल, म्हणून औषध नाही पण दर ६ महिन्यांनी तपासणी, हे "काही करायचं नसतं" पेक्षा फार वेगळं आहे. मायचा ११ आला आणि लोड ८६ हजार, तिला टेनोफोव्हिर रोज १ गोळी सुरू केली. ती बहुतेक कायम घ्यायची, मनानं बंद केली तर विषाणू उसळी मारतो, आणि मधून मधून किडनीची तपासणी.

मला ५ स्टारकडं नेणारी गोष्ट इथं घडली. सरांनी ती गोळी स्वतःच्या मेडिकलमधून घ्यायला लावली नाही. म्हणाले सरकारचा हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून आहे, बी आणि सी दोन्हीची तपासणी आणि औषध फुकट, सिव्हिलमधे जा, कागद मी देतो. गेलो. तिथं पण लाईन आहे, आधार कार्ड, झेरॉक्स, एक फेरी वाया गेली, पण आता मायची गोळी एक रुपया न देता मिळते. स्वतःचं गिऱ्हाईक सिव्हिलला पाठवणारा माणूस मी तरी पहिल्यांदा बघितला.

वेटिंगमधे एक भुसावळचे रिटायर रेल्वेवाले काका भेटले, त्यांची गोष्ट सी ची. १९९६ मधे अ‍ॅक्सिडेंट, ३ बाटल्या रक्त चढवलं, तेव्हा रक्ताची सी साठी तपासणी सक्तीची नव्हती, ती २००१ ला झाली. मधे २५ वर्षांच्या वर काही त्रास नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी टेस्ट केली आणि सापडलं. सोफोसबुव्हिर आणि डाक्लाटासविर, १२ आठवडे, फुकट, गोळ्या संपल्यावर अजून १२ आठवड्यांनी टेस्ट, विषाणू गायब. पण काका टेन्शनमधे, कारण एका ठिकाणी परत अँटी-एचसीव्ही केली ती पॉझिटिव्हच. सरांनी त्यांना समजावलं ते आम्हाला दारातून ऐकू येत होतं, ती टेस्ट चोर येऊन गेल्याचे ठसे दाखवते, ठसे जन्मभर राहतात, चोर आहे का ते बघायला आरएनए टेस्ट लागते. सी ला लस नाही पण १०० पैकी ९५ च्या वर लोक पूर्ण बरे होतात, बी ला लस आहे पण तो मुळापासून सहसा जात नाही, असा सगळा उलटा कारभार.

घरात काय पाळायचं ते पण त्यांनी नीट सांगितलं नाहीतर मायनं तर ताट-वाटी वेगळी काढलीच होती. एका ताटात जेवा, मिठी मारा, नातवंडाला मांडीवर घ्या, काही होत नाही. फक्त दाढीचं ब्लेड, नेलकटर, ब्रश आपलं आपलं. मी सलूनमधे आता स्वतःसमोर नवीन ब्लेड लावून घेतो, सलूनवाला दादा थोडा नाराज होतो, होऊ दे.

बाळ सप्टेंबरच्या शेवटी झालं, मुलगी. बी चा पहिला डोस जन्मापासून २४ तासांच्या आत द्यायचा असतो, हे मला पाठ झालेलं त्यामुळं मी सिस्टरला ३ वेळा विचारलं, शेवटी त्यांनी कार्ड माझ्या हातात देऊन शिक्का दाखवला आणि म्हणाल्या जा आता चहा पिऊन या.

रेटिंग: डॉक्टरांना ५, रिसेप्शनला १, पार्किंगला शून्य, म्हणून एकूण ४ समजा. मंगळवारी जाऊ नका, बाहेरगावची गर्दी असते. फायब्रोस्कॅन असेल तर ३ तास काही खाऊ नका पण बिस्किटाचा पुडा खिशात ठेवा, कारण नंबर कधी लागेल सांगता येत नाही. आणि जुने रिपोर्ट कागदावर न्या, मोबाईलमधले फोटो दाखवले की सर चष्मा काढून ठेवतात आणि काहीच बोलत नाहीत.